ॲपल पायच्या सारणाला पाणी का सुटतं? सोप्या तपासणीपासून अवघड दुरुस्तीपर्यंत

ॲपल पायच्या सारणाला पाणी सुटतं अशी तक्रार घेऊन जो येतो, त्याने एक उपाय हमखास करून पाहिलेला असतो. पुढच्या खेपेला कॉर्नफ्लोअर दुप्पट! मग सारण खळीसारखं चिकट होतं, सफरचंदाची चव दबते आणि एवढं करूनही खालची पारी ओलीच राहते. हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता कुणी सांगायला लागलं की कॉर्नफ्लोअरचा डबा बाजूला ठेवायला लावतो आणि पाण्याबद्दल विचारतो.

सोललेल्या सफरचंदात वजनाच्या साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो फोडींत आठशे ग्रॅमहून जास्त पाणी पेशींमध्ये कोंडलेलं आहे. साखर आणि उष्णता त्यातलं काही बाहेर काढतात. ते किती निघालं, कधी निघालं, आणि ते धरून ठेवणारा स्टार्च (कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्चच) तोवर शिजला होता का, या तीन प्रश्नांत जवळजवळ सगळे बिघाड सापडतात.

आधी लक्षण नीट बघा

नुसतं "सारण बिघडलं" म्हणून काही ठरत नाही. नेमकं काय दिसतंय ते बघा:

- कापल्याबरोबर रस वाहतो, पण फोडी छान शिजलेल्या आहेत आणि रस पारदर्शक आहे. बहुधा घाई झाली आहे. पहिली तपासणी.
- रस पांढुरका, गढूळ, जिभेला पिठूळ लागतो. स्टार्च शिजलाच नाही. दुसरी तपासणी.
- पातेल्यात मस्त घट्ट झालं होतं, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पातळ झालं. तिसरी, नाहीतर पाचवी.
- गुठळ्या आहेत आणि गुठळ्यांभोवती पाणी. चौथी.
- फोडी विरून लगदा झाला आणि लगद्यातून पाणी वेगळं निघालं. सफरचंद बदलायला हवं. सहावी.
- वरची पारी घुमटासारखी उभी, आत पोकळी, सारण तळाला बसलेलं आणि पाण्यात. फोडी कच्च्याच भरल्या गेल्या. सातवीकडे जा.
- फोडी कडक आणि रसही पातळ. ओव्हन संशयित. ते शेवटी.

फोडी काळ्या पडणं या यादीत नाही, कारण त्याचा पातळपणाशी काही संबंध नाही. कापलेल्या सफरचंदाला हवा लागली की रंग बदलतो, लिंबू चोळलं की ते मंदावतं, आणि दालचिनी घातलेल्या सारणात तो रंग कुणाला दिसतही नाही.

१. घड्याळ बघा

फुकटातली तपासणी, आणि बऱ्याचदा हिच्यापुढे जावंच लागत नाही. पाय ओव्हनमधून काढल्यावर किती वेळाने कापलात? अर्ध्या तासाने कापला असेल तर तो वाहणारच, कृती कितीही बिनचूक असली तरी. गरम असताना शिजलेला स्टार्च रसात सैल पसरलेला असतो. निवत जाताना त्याच्या साखळ्या एकमेकींना धरतात आणि पाणी त्या जाळीत अडकतं. २३ सेंटिमीटरच्या भरगच्च पायला यासाठी तीन ते चार तास लागतात. भांडं हाताला कोमट लागतं तेव्हाही मधला भाग गरमच असतो, म्हणून हातावर भरवसा ठेवू नका.

खात्री करायची तर उरलेला पाय रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी कापल्यावर तुकडा उभा राहिला तर तुमच्या कृतीत काहीही चूक नाही, ती बदलू नका. गरमच खायचा असेल तर आधी पूर्ण निववा, कापा, आणि मग तुकडे १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं गरम करा. एकदा बसलेलं सारण एवढ्याने वाहत नाही.

पातेल्यात शिजवलेल्या सारणाची परीक्षा थंड बशीवर होते. चमचाभर रस बशीवर टाका, दोन मिनिटं थांबा, बोटाने मधोमध रेघ ओढा. रेघ उघडी राहिली तर झालं. पातेल्यातला गरम रस बघून दाटपणा ठरवायला जाल तर दर वेळी जास्तच स्टार्च घालाल.

२. मध्यभागी बुडबुडे आले होते का?

कॉर्नफ्लोअरचे कण साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगायला लागतात, पण त्यांची पूर्ण ताकद रस ९५ अंशांच्या जवळ पोचल्यावरच मिळते. साखर पाणी आपल्याकडे ओढते, त्यामुळे गोड रसात ही पायरी आणखी वर सरकते. बहुतेक जण पाय बाहेर काढतात तो पारीच्या रंगावरून. पारी सोनेरी झाली की हात शिवशिवतात. पण पारीला थेट कोरडी उष्णता मिळते, आणि सारणाचा मध्य सगळ्यात शेवटी तापतो.

खूण अशी: वरच्या पारीला दिलेल्या चिरांतून, आणि त्याही मधल्या चिरांतून, रस खदखदताना दिसला पाहिजे. कडेचे बुडबुडे मोजू नका. बुडबुडे लहान, झटपट फुटणारे असतील तर रस अजून पातळ आहे. मोठे, आळसावलेले, जड बुडबुडे आले की स्टार्चने पकड घेतली. टोकदार थर्मामीटर असेल तर चिरेतून मध्यभागी घाला. ९० अंशांच्या वर आकडा हवा. तोवर पारी करपायला लागली तर वरून फॉइल सैल टाका आणि भाजणं चालू ठेवा.

चिराच दिल्या नसतील तर बुडबुडे दिसणार नाहीत आणि वाफही आतच राहून परत पाणी होईल. चार-पाच चिरा, प्रत्येकी बोटाच्या दोन पेरांएवढ्या, पुरतात.

आधीच काढलेला पाय कापल्यावर रस पांढुरका निघाला तर तो वाया गेलेला नाही. कडा फॉइलने झाकून १८० अंशांवर परत घाला आणि मध्यावर बुडबुडे येईपर्यंत थांबा. रूप थोडं उतरेल, चव सुधारेल.

पातेल्यावर शिजवताना उलट सावधगिरी: रस गढुळाचा पारदर्शक झाला आणि पहिला जड बुडबुडा फुटला की एक मिनिट मोजा आणि आच बंद करा. जास्त का नको, ते पाचव्यात.

३. चव घेतलेला चमचा परत पातेल्यात गेला का?

हे विचारलं की लोक हसतात. पण लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं आणि स्टार्च तोडणं हेच त्याचं काम. कोमट सारणात उष्टा चमचा बुडवला, ढवळला, तर काही तासांत दाट सारण पातळ होऊ शकतं. रात्री घट्ट होतं आणि सकाळी सूप झालं, या तक्रारीमागे मला ही गोष्ट वारंवार सापडली आहे. डब्यातून थेट चमच्याने खाऊन उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांचंही हेच होतं. चव वेगळ्या वाटीत काढून घ्या.

तशीच दुसरी छुपी वस्तू म्हणजे कच्चा मध. साखरेऐवजी मध घालणाऱ्यांना ठाऊक नसतं की त्यातही स्टार्च तोडणारं विकर असतं. मध घालायचाच तर आधी बाकीच्या रसाबरोबर उकळून घ्या, म्हणजे विकर निकामी होईल. निवलेल्या सारणावर तो कच्चा ओतू नका.

४. मोजमाप आणि कालवणं

आता कॉर्नफ्लोअरचा डबा उघडू. सोलून कापलेल्या एक किलो फोडींना, रस काढून न टाकता, २० ते २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरतं. म्हणजे सपाट केलेले तीन मोठे चमचे, चमचा १५ मिलिलिटरचा. शिगोशिग भरलेला चमचा सपाट चमच्याच्या दीडपट-दुप्पट होतो, आणि तुमचा पाय एकदा चिकट, एकदा पातळ असा लहरी होत असेल तर कारण इथेच आहे. वजनकाटा असेल तर तोच वापरा.

डब्यात नेमकं काय आहे तेही बघा. आपल्याला हवा तो पांढराशुभ्र, बोटांत चोळल्यावर करकरणारा स्टार्च. दळलेल्या मक्याचं पिवळसर पीठ ही वेगळी वस्तू, त्याने ही पकड येत नाही. मैदा वापरत असाल तर दुप्पट लागतो, कारण त्यात स्टार्चबरोबर प्रथिनंही असतात. रस धुरकट होतो आणि पिठाची चव जायला जास्त वेळ शिजवावं लागतं. मला मैद्याचं सारण आवडत नाही, पण आवडणारे आहेत आणि ते चूक नाहीत. टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याचाच) कमी तापमानाला धरतो आणि आरशासारखा रस देतो, मात्र हात सैल सुटला तर तारा सुटतात. आरारूट सौम्य आणि पारदर्शक, पण फार वेळ भाजणं त्याला सोसत नाही, म्हणून तासभर ओव्हनमध्ये राहणाऱ्या पायपेक्षा पातेल्यावरच्या सारणाला ते बरं.

पातेल्यात कोरडं कॉर्नफ्लोअर गरम रसावर भुरभुरलं तर गुठळ्या होणारच. प्रत्येक गोळीचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. तेवढा स्टार्च फुकट जातो. दुप्पट गार पाण्यात कालवा आणि धार धरून ओता. ओतण्याआधी परत एकदा ढवळा, कारण स्टार्च दोन मिनिटांत तळाला बसतो आणि वरचं पांढरं पाणीच तेवढं पातेल्यात जातं. ओव्हनमध्ये जाणाऱ्या कच्च्या फोडींसाठी मात्र कोरडं चालतं, फक्त ते आधी साखरेत मिसळून घ्या.

डबा जुना आहे, ओल लागली आहे अशी शंका असेल तर एक कप पाण्यात सपाट दोन मोठे चमचे कालवून उकळून बघा. निवल्यावर दाट, थरथरणारं झालं तर स्टार्च चांगला आहे. नाही झालं तर डबा बदला आणि बाकीच्या तपासण्या विसरा.

५. जास्त शिजवलं, जास्त ढवळलं, लिंबू आधी घातलं

फुगलेले स्टार्चचे कण नाजूक असतात. रस दाट झाल्यावर जोराने ढवळत राहिलं किंवा दहा मिनिटं रटरटू दिलं तर ते फुटतात आणि रस परत सैल होतो. त्यात आंबटपणा असेल तर अजून लवकर, कारण आम्ल गरम असताना स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. एक किलो फोडींना एक मोठा चमचा लिंबूरस काही बिघडवत नाही. तीन-चार चमचे घालून वर बराच वेळ शिजवणाऱ्यांना फटका बसतो.

मी लिंबू विभागून घालतो. थोडं कापलेल्या फोडींवर, उरलेलं आच बंद केल्यावर. फोडींवरचं लिंबू नुसत्या रंगासाठी नाही. आम्लामुळे फोडीचा सांगाडा उशिरा मऊ पडतो, म्हणजे पटकन विरणाऱ्या सफरचंदाला त्याचा आधार होतो.

६. सफरचंद कोणतं आणि किती जुनं

इथवरच्या तपासण्यांना काही खर्च नव्हता. इथून पुढे फळ बदलावं लागेल.

सफरचंदाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात. हे पेक्टिन उष्णतेने विरघळलं की पेशी सुट्या होतात, भिंती कोसळतात आणि आतलं पाणी एकदम बाहेर येतं. कोणत्या जातीचं पेक्टिन किती तग धरतं यावर सगळं आहे. ग्रॅनी स्मिथ, ब्रेबर्न, जोनागोल्ड, हनीक्रिस्प, पिंक लेडी आणि गोल्डन डिलिशस या जाती भाजल्यावर आकार धरून राहतात. मॅकिंटॉश लवकर बसतं. ब्रॅमली तर फेसाळ लगदाच होतं; इंग्लंडमधल्या साउथवेलला १८०९ मध्ये पेरलेल्या बीपासून आलेलं हे सफरचंद ब्रिटिश स्वयंपाकात याच गुणासाठी लाडकं आहे, पण ताटलीत उभा राहणारा काप हवा असेल तर एकट्या ब्रॅमलीकडून ती अपेक्षा करू नका. रेड डिलिशस दिसायला छान, पण भाजल्यावर चवीलाही उरत नाही आणि आकारालाही.

दोन जाती मिसळणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. दोन भाग कडक आणि आंबट, एक भाग गोड आणि थोडं मऊ. मऊ फोडी अर्धवट विरून रसाला अंगचाच दाटपणा देतात, कडक फोडी कापाला उभं ठेवतात. नुसत्या ग्रॅनी स्मिथचा पाय कधी कधी एकसुरी आंबट होतो, आणि तो झाकायला घातलेली जादा साखर आणखी पाणी ओढते.

जात बरोबर असूनही लगदा झाला तर वय बघा. सफरचंद शीतगृहात महिनोन् महिने टिकतं, पण त्या काळात त्याचा आंबटपणा उतरत जातो आणि पेक्टिन सैल पडत जातं. अंगठ्याने दाबून बघा: दबलं, किंवा चावल्यावर करकरीत तुकडा न तुटता पिठूळ भुगा झाला, तर ते पायसाठी नाही. त्याचा सॉस करा, त्यात ते उत्तम लागेल. "महिन्याभरापूर्वी हीच कृती जमली होती, आता का नाही?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच वेळा फळाच्या वयात असतं.

कापांची जाडीही इथेच बघून घ्या. पाच ते सहा मिलिमीटर, सगळे सारखे. पातळ-जाड मिसळ असेल तर पातळ काप विरतात आणि जाड कच्चे राहतात, आणि दोन्ही लक्षणं एकाच पायमध्ये दिसून माणूस गोंधळतो.

७. पाणी आधीच काढून घ्या

वरचं सगळं तपासूनही पाय वाहतोच, किंवा वरच्या पारीखाली पोकळी राहतेच, तर आता पद्धत बदलायची. वेळ लागतो, एक भांडं जास्त घासावं लागतं, पण मुळावर घाव बसतो. कच्च्या फोडी कितीही दाबून भरल्या तरी भाजताना पाणी गमावून आक्रसतात. वरची पारी मात्र त्याआधीच कडक होऊन वर राहिलेली असते. मधली पोकळी म्हणजे निघून गेलेल्या पाण्याचीच जागा, आणि ते पाणी तळाला.

दोन वाटा आहेत.

पहिली, रस गाळून आटवणं. एक किलो फोडींना १०० ते १२५ ग्रॅम साखर, चिमूट मीठ, चमचाभर लिंबू आणि दालचिनी लावून ठेवा. अर्धा तास किमान, तीन तासांपर्यंत चालतं. साखर पेशींतलं पाणी बाहेर ओढते. मग चाळणीत निथळा. खाली साधारण अर्धा कप किंवा जास्त रस मिळेल. तो ३० ग्रॅम लोण्याबरोबर पसरट भांड्यात आटवून पाकासारखा, निम्म्याच्या आसपास करा. ढवळू नका, नुसतं भांडं फिरवा. हा पाक फोडींवर परत ओता. फोडींना आता फक्त १० ते १२ ग्रॅम कॉर्नफ्लोअर पुरेल, म्हणजे सपाट चार छोटे चमचे. पाक ओतल्यावर फोडींवर तो थोडा गोठल्यासारखा वाटतो, काळजी करू नका, ओव्हनमध्ये विरघळतो. स्टार्च निम्म्यावर आल्यामुळे सफरचंदाची चव मोकळी होते, आणि टाकून काहीच दिलेलं नसतं. मी शक्यतो हीच वाट धरतो.

दुसरी, फोडी आधी हलक्या शिजवणं. इथे तापमानाला फार महत्त्व आहे. ६० ते ७० अंशांच्या टापूत फळातलंच एक विकर जागं होतं आणि पेक्टिनमध्ये असा बदल करतं की ते फळातल्या कॅल्शियमशी बांधलं जाऊन घट्ट होतं. या टापूत काही मिनिटं राहिलेल्या फोडी नंतर ओव्हनच्या पूर्ण उष्णतेतही विरत नाहीत. ऐकायला उलटं वाटतं, की आधी शिजवल्यामुळे फोड नंतर कमी शिजते, पण तसंच आहे. जाड बुडाच्या भांड्यात फोडी, साखर आणि मसाला घालून झाकण ठेवा, आच मंद, अधूनमधून हलवा, १५ ते २० मिनिटं. फोड वाकली पाहिजे पण मोडता कामा नये. उकळी येऊ दिली तर तो टापू झपकन ओलांडला जातो आणि सगळा फायदा जातो. मग चाळणीवर पसरून पूर्ण निववा, रस आटवून परत घाला.

घाईत असाल तर फोडींवर उकळतं पाणी ओतून, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि नीट निथळा. भांडं आणि फोडी पाण्याची उष्णता घेतात आणि सगळं आपोआप त्या टापूच्या आसपास येतं. थोडी चव पाण्याबरोबर जाते, हे मान्य करूनच ही पळवाट वापरा.

कोणत्याही वाटेने गेलात तरी सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरू नका. गरम सारणाने खालच्या पारीतलं लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. मग सारण कितीही घट्ट असो, खालची पारी मऊच राहणार आणि दोष परत सारणावर येणार. ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात आधीपासून तापलेला ट्रे ठेवून त्यावर पायचं भांडं ठेवलं तर तळाला उष्णता लवकर पोचते.

फ्रीझर आणि बरण्या

कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेलं सारण गोठवून वितळवलं की पाणी सोडतं. स्टार्चची जाळी गोठताना आवळते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. परत उकळी दिली की थोडं सावरतं, पूर्ववत होत नाही. गोठवायचं ठरलेलं असेल तर टॅपिओका स्टार्च घ्या, किंवा फोडी साखर-लिंबू लावून स्टार्चशिवायच गोठवा आणि घट्टपणाचं नंतर बघा. गोठवलेल्या फोडी ताज्यांपेक्षा जास्त पाणी सोडतात, कारण बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडतात; म्हणून वितळल्यावर सातव्यातलं निथळणं टाळू नका.

बरणीबंद करून कपाटात ठेवायचं सारण हा वेगळा विषय आहे आणि तिथे अंदाजपंचे चालत नाही. कॉर्नफ्लोअर किंवा मैदा घातलेलं दाट सारण बरणीत उकळलं तर उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशनच्या तपासलेल्या कृतीत म्हणूनच क्लिअर जेल हा सुधारित स्टार्च आणि बाटलीतला लिंबूरस सांगितला आहे. लिंबूरस बाटलीतला यासाठी की त्याचा आंबटपणा दर वेळी सारखा असतो. बरणीत वर अडीच सेंटिमीटर जागा सोडायची आणि उकळत्या पाण्यात २५ मिनिटं ठेवायची, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंतच्या उंचीला. त्याहून उंच ठिकाणी वेळ वाढतो. क्लिअर जेल मिळत नसेल तर स्टार्च न घालता फोडी बरणीबंद करा आणि पाय करताना घट्ट करा. स्वतःची कृती जुळवायचा मोह इथे आवरा.

कुठे थांबायचं

सगळं करूनही फोडी कडक, रस पांढुरका आणि भाजायला कृतीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागतात, तर सफरचंदाला दोष देणं बंद करा आणि ओव्हन तपासा. आत ठेवायचा साधा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून १९० अंश लावा, तापल्याची खूण आल्यावर अर्धा तास थांबा आणि काही वेळा आकडा बघा. ओव्हन चालू-बंद होत असल्याने आकडा थोडा वर-खाली होणारच. थर्मामीटर नसेल तर चमचाभर साखर फॉइलवर ठेवा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते, म्हणून १७५ लावून पंधरा मिनिटांत ती कोरडी राहिली पाहिजे आणि १९० लावून वितळली पाहिजे. फरक स्थिर असेल, समजा कायम दहा-पंधरा अंश कमी, तर बटण तेवढं पुढे फिरवून काम चालवा.

फरक २५-३० अंशांचा असेल किंवा दर वेळी वेगळा येत असेल, खालचं कॉइल लाल होत नसेल, ओव्हन लावल्यावर घरातला ट्रिप स्विच पडत असेल, किंवा वायर जळल्याचा वास येत असेल तर प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. थर्मोस्टॅट किंवा कॉइल स्वतः उघडू नका. गॅसच्या ओव्हनला गॅसचा वास येत असेल तर मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंदही करू नका, बाहेर पडा आणि तिथून गॅस कंपनीला फोन करा.

बरणीचं झाकण फुगलं असेल, उघडताना रस उसळला असेल, वास किंवा रंग वेगळा असेल तर चव घेऊन खात्री करायची नाही. आख्खी बरणी फेकायची. आणि सारण विकायचा विचार असेल तर घरी पाय घट्ट होतो एवढं पुरेसं नाही. सफरचंदाचा पीएच सहसा ३.३ ते ४ च्या दरम्यान, म्हणजे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या दृष्टीने महत्त्वाच्या ४.६ या रेषेच्या खाली असतो. पण तुमच्या कृतीत, तुमच्या फळांत आणि तुमच्या बरणीत तो किती भरतो हे अन्नतंत्रज्ञाकडून मोजून घ्या आणि टिकण्याची मुदतही त्यांनाच ठरवू द्या.

ओव्हन दुरुस्तीला गेला असेल तेवढे दिवस सारण पातेल्यावर पूर्ण शिजवून फ्रिजमध्ये झाकून ठेवता येतं. तीन-चार दिवस सहज टिकतं. फक्त काढताना कोरडा, स्वच्छ चमचा घ्या.